‘हे अजून कसे आले नाहीत?’

दिवेलागण झाली की आत्या दाराशी येऊन बसतात. पदर सावरतात, जिन्याकडे बघतात आणि विचारतात, “हे अजून कसे आले नाहीत गं? पहिली पाळी सुटून किती वेळ झाला!”

मामांना जाऊन अकरा वर्षे झाली. ज्या गिरणीच्या पाळीची आत्या वाट बघतात, तिचा भोंगा १९८२ च्या संपात जो बंद पडला तो पुन्हा वाजलाच नाही. तिच्या जागेवर आज काचेची उंच इमारत उभी आहे. पण आत्यांच्या मनात तो संप अजून व्हायचाच आहे. मामा अजून रिंग खात्यात कामाला आहेत आणि सकाळी डबा घेऊन बाहेर पडले आहेत.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. माझ्या वडिलांच्या त्या चुलत बहीण, म्हणून लग्नानंतरही मी त्यांना आत्याच म्हणत राहिले. वय ऐंशीच्या घरात. त्यांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा आजार आहे. त्यांच्या या एका प्रश्नाने आमच्या घरात जे रामायण घडले ते इथे सांगते आहे. ज्यांच्या घरी असे म्हातारे माणूस आहे, त्या भगिनींना आणि बंधूंनाही त्यातून काही धरून चालता येईल असे वाटते.

आधी मी काय करत होते ते सांगते. आपल्याला लहानपणापासून पंचशील शिकवलेले. चौथे शील खोटे न बोलण्याचे. म्हणून मी खरे तेच सांगायचे. “आत्या, मामा गेले ना. अकरा वर्षं झाली.” हे ऐकले की त्यांचा चेहरा असा काही व्हायचा, की जणू ही बातमी त्यांना आत्ताच कळली. त्यांच्यापुरती ती आत्ताच कळलेली असायची. छाती पिटून रडायच्या. “मला कुणी कळवलं का नाही? मला शेवटचं तोंड का दाखवलं नाही?” शेजारच्या बायका धावून यायच्या. दहा-पंधरा मिनिटांनी सगळे शांत व्हायचे, मी चहा टाकायची, आणि चहाचा कप हातात घेताना आत्या विचारायच्या, “हे अजून कसे आले नाहीत गं?”

अशा रीतीने मी त्या माउलीला एका संध्याकाळी दोन-दोनदा विधवा केले. तेही खरे बोलण्याच्या नावाखाली.

माझ्या यजमानांनी हे बघून दुसरा मार्ग धरला. ते म्हणायचे, “येतील ग आई, आज ओव्हरटाइम आहे.” त्याने रडणे थांबले, पण वाट बघणे वाढले. ओव्हरटाइमवरून येणाऱ्या माणसाला गरम जेवण लागते. आत्या जेवायच्या नाहीत, झोपायच्या नाहीत, रात्री एक वाजता दार उघडून जिना उतरू लागायच्या. एकदा तर तळमजल्यापर्यंत गेल्या. खोटे बोलूनही सुटका झाली नाही. माझ्या मनाला ते टोचायचेही. ज्या बाईने आयुष्यभर कुणाला फसवले नाही, तिला तिच्या घरातच रोज फसवायचे?

वाट सापडली ती वर्षावासात, विहारात. भन्तेजी मज्झिम निकायातले अभय राजकुमाराचे सुत्त समजावून सांगत होते. अभयाला कोणीतरी शिकवून पाठवले होते, की तथागतांना पेचात पकड. दुसऱ्याला कटू वाटेल असे ते बोलतात का, एवढेच विचार. हो म्हटले तरी अडकतील, नाही म्हटले तरी अडकतील. अभयाच्या मांडीवर तेव्हा एक तान्हे मूल होते. तथागतांनी त्यालाच विचारले, की या बाळाने तोंडात खडा घातला तर तू काय करशील? अभय म्हणाला, मी बोट घालून खडा काढीन, रक्त आले तरी काढीन, कारण मला बाळाची दया आहे. मग तथागतांनी आपल्या बोलण्याचा नियम सांगितला. जे खोटे आहे ते ते बोलत नाहीत. जे खरे आहे पण ज्यात कुणाचे हित नाही, तेही बोलत नाहीत. आणि जे खरेही आहे, हिताचेही आहे, ते कटू असले तरी बोलतात. पण योग्य वेळ पाहून.

मी तिथे बसल्या बसल्या आत्यांचा विचार करत होते. मी रोज त्यांच्या तोंडात बोट घालत होते, रक्त काढत होते, पण खडा कुठे निघत होता? दहा मिनिटांनी त्या सांगितलेले विसरणारच होत्या. मागे उरत होते ते नुसते रडे. खरे बोलण्याचा हट्ट माझा होता, हित त्यांचे नव्हते. आणि खोटे बोलल्याशिवाय दुसरा उपायच नाही, हेही खरे नव्हते. त्या दोन्हींच्या मध्ये बरीच मोठी जागा आहे.

त्या जागेत काय बोलायचे, ते पुढे सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी उलगडून सांगितले. त्या म्हणाल्या, प्रश्नाला उत्तर देऊ नका, प्रश्नामागच्या मनाला द्या. आत्या मामांचा पत्ता विचारत नाहीत. दिवस मावळला आहे, घर अनोळखी वाटते आहे, जवळचे माणूस दिसत नाही, भीती वाटते आहे. हे सगळे सांगायला त्यांच्यापाशी आता एवढेच वाक्य शिल्लक आहे. म्हणून आता मी म्हणते, “मामांची आठवण आली होय? या, माझ्याजवळ बसा. डब्याला काय द्यायचात त्यांना?” यातला एकही शब्द खोटा नाही. आणि आत्या सांगू लागतात. सुकटीची चटणी, तांदळाची भाकरी, कधी जवळा. गिरणीतले तिघे-चौघे तो डबा वाटून खायचे, म्हणून एक भाकरी जास्तीची घालायच्या. बोलता बोलता त्यांचा हात माझ्या हातात येतो आणि दाराकडे बघणे थांबते.

इथे एक खबरदारी सांगते. एखाद्या दिवशी त्यांचे चित्त स्वच्छ असते आणि त्या सरळ डोळ्यांत बघून विचारतात, “गेले ना गं हे?” तेव्हा मी नाही म्हणत नाही. “हो आत्या, गेले,” असे म्हणून जवळ बसते. तेव्हा ते खरे त्यांनीच मागितलेले असते. तसेच घरात नवीन मृत्यू झाला, तर तो एकदा नीट, हात धरून सांगावा, अंत्ययात्रेला बसवावे. ‘हिला काय कळतंय’ म्हणून आतल्या खोलीत कोंडून ठेवू नये. कळते. नाव विसरते, तारीख विसरते, पण घरात रडणे आहे की हसणे आहे, आपल्याला कोणी झिडकारले की जवळ घेतले, हे शेवटपर्यंत कळते. आणि घडलेला प्रसंग विसरल्यावरही त्याची चव मनात रेंगाळते. सकाळी ओरडा खाल्लेला म्हातारा संध्याकाळपर्यंत का धुसफुसतो, त्याचे कारण हे.

आता हा आजार आहे तरी काय? आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देतात, किंवा ‘म्हातारचळ लागला’ म्हणून हसतात. वय झाले की थोडे विसरणे आलेच. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि चष्मा कशासाठी असतो हेच विसरणे वेगळे. पन्नास वर्षे चहा केलेल्या बाईला पाणी आधी की साखर आधी हे सुचेना, रोजच्या नाक्यावरून घराची वाट सापडेना, हिशेबात पक्की असलेली बाई दहाची आणि पाचशेची नोट एक समजू लागली, तर तो वयाचा दोष नाही. मेंदूचा आजार आहे. जर्मनीतले डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली अशा एका बाईच्या मेंदूची तपासणी करून आत झालेली खराबी दाखवून दिली. ती बाई इस्पितळात आली तेव्हा जेमतेम एक्कावन्न वर्षांची होती. स्मृतिभ्रंशाच्या आजारांत सर्वांत जास्त आढळतो तो अल्झायमरचाच प्रकार. दुसरा मोठा प्रकार मेंदूच्या रक्तवाहिन्या तुंबून, लहान-लहान झटके येऊन होतो. बीपी आणि साखर वर्षानुवर्षे मोकाट सोडलेल्यांना त्याचा धोका जास्त.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातल्या साठीपुढच्या शंभर माणसांत सातांहून थोड्या अधिक जणांना हा आजार असल्याचे अनुमान निघाले. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त, आणि शाळा न शिकलेल्यांत जास्त. हे शेवटचे वाक्य वाचून मी बराच वेळ थांबले. २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने चौदा अशी कारणे सांगितली, की ती आयुष्यभर सांभाळली तर सुमारे ४५ टक्के आजार टळू शकेल किंवा लांबू शकेल. त्यांत बीपी, मधुमेह, दारू, तंबाखूचा धूर, बहिरेपणा, अधू नजर, डोक्याचा मार, एकटेपणा हे सारे आहे. आणि बालपणी शिक्षण न मिळणे हेही आहे. आपल्या आयांना, आज्यांना शाळेच्या पायरीवर कुणी बसू दिले नाही, कुणाला धाकटी भावंडे सांभाळायला घरी ठेवले. त्या अन्यायाची किंमत त्यांचा मेंदू म्हातारपणी चुकवतो आहे. बाबासाहेबांनी ‘शिका’ हा शब्द सर्वांत आधी का ठेवला, त्याला हेही एक कारण म्हणता येईल.

यातूनच एक व्यवहाराची गोष्ट निघते. इस्पितळात स्मरणशक्ती तपासताना वाक्य लिहायला सांगतात, शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात, आकृती काढायला लावतात. न शिकलेल्या बाईला हे धडधाकट असतानाही जमले नसते. म्हणून डॉक्टरांना आधीच सांगा, की आमच्या आई शाळेत गेलेल्या नाहीत. अशा माणसांसाठी वेगळ्या पद्धतीने घ्यायच्या चाचण्या आहेत. हरियाणातल्या बल्लभगडच्या गावांत काम करताना १९९० च्या दशकात अशी एक चाचणी मुद्दाम तयार करण्यात आली. आणि डॉक्टरांना ‘विसरते’ एवढेच सांगू नका. आधी काय काय करत होती, आता काय जमत नाही, केव्हापासून, ते सांगा. मी एका वहीत लिहून नेले होते. डॉक्टरीणबाईंनी ती वही यंत्रापेक्षा जास्त वेळ बघितली.

दाखवणे का जरूर आहे, तर प्रत्येक विसरणे डिमेन्शिया नसते. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले, थायरॉइड बिघडले, मन फार खचले, झोपेच्या गोळ्या जास्त झाल्या, पडून डोक्यात रक्त साकळले, तरी माणूस असाच भ्रमिष्टासारखा वागू शकतो, आणि यातले बरेच उपचाराने सुधारते. कालपर्यंत बरा असलेला म्हातारा एक-दोन दिवसांत अचानक बरळू लागला, तर ती बहुधा लघवीची किंवा छातीची लागण असते, किंवा अंगातले पाणी आटलेले असते, किंवा मेंदूला झटका आलेला असतो. त्याला त्याच दिवशी इस्पितळात न्यावे. खरा अल्झायमर मात्र हळूहळू चढतो. तो मुळापासून बरा करणारे औषध आज नाही. काही गोळ्यांनी काही जणांचा काही काळ बरा जातो, एवढेच. हे समजले की बुवा-बाबांच्या दारी जाणे थांबायला हवे. पण थांबत नाही.

आमच्याकडेच बघा ना. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेले घर, आणि माझ्या नणंदेने आत्यांना चोरून एका बाबाकडे नेले. ‘बाहेरचं आहे’ म्हणून त्याने कडुनिंबाच्या फांदीने त्यांच्या पाठीवर मारले. त्या रात्री आत्यांना पाठीवर झोपता येईना, आणि कशामुळे दुखते आहे ते सांगताही येईना. नणंद वाईट नाही. आई हातातून निसटते आहे, हे तिला सोसवत नव्हते. पण भूत उतरवायचे म्हणून माणसाला मारणे हा २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, हे तिला मी त्यानंतर स्पष्ट सांगितले. काही ठिकाणी तर अशा एकट्या, बडबडणाऱ्या म्हातारीला चेटकीण ठरवतात. असे कुठे दिसले तर विहाराच्या कार्यकर्त्यांनी गप्प बसू नये.

मात्र नणंदेशी माझा खरा बिघाड झाला तो बाबावरून नव्हे, चोरीवरून. हा विषय मी मुद्दाम विस्ताराने लिहिते, कारण यावरून कित्येक घरे फुटलेली मी पाहिली आहेत. आत्यांची मिसरीची डबी सापडेना. मग श्रावणबाळ योजनेचे पैसे सापडेनात. आत्या गॅलरीत उभ्या राहून सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “सुनेनं माझे पैसे चोरले!” ज्यांचे हगणे-मुतणे मी काढत होते, त्या मला चोर म्हणत होत्या. मी भांडले. पैशाचा हिशेब मांडला, ओरडले, रडले. नणंदेला फोन गेला. तिला आईचेच खरे वाटले, आणि सहा महिने आमचे येणे-जाणे बंद होते.

पैसे होते तांदळाच्या डब्याच्या तळाशी. आत्यांनीच ठेवले होते. असे का होते ते नंतर कळले. वस्तू जपून ठेवली एवढे मनाला आठवते, कुठे ठेवली ते पुसले गेलेले असते. मग मन उरलेल्या जागेत स्वतःच उत्तर भरते: कोणीतरी नेली. आणि ‘कोणीतरी’ म्हणजे जी सतत जवळ असते तीच. म्हणजे हा आळ बहुधा सर्वांत जास्त करणाऱ्या माणसावरच येतो. भगिनींनो, तुमच्यावर असा आळ आला तर तो तुमच्या चारित्र्याचा निकाल समजू नका. आणि लांब राहणाऱ्या लेकी-लेकांनो, फोनवर आईचे ऐकून वहिनीला दोषी ठरवण्याआधी आठ दिवस येऊन आईजवळ राहून बघा.

आता आत्या पैसे गेले म्हणाल्या की मी हुज्जत घालत नाही. “अरे देवा”, नाही, ही जुनी सवय अजून जात नाही, “अगं बाई, पैसे नाहीत म्हणजे जीव घाबरणारच. चला, दोघी मिळून शोधू,” असे म्हणते. पहिल्यांदा त्यांनाच एखाद्या डब्यात हात घालू देते. लपवायच्या जागा मला पाठ आहेत: तांदूळ, उशीचा अभ्रा, जुन्या ट्रंकेतली लुगडी. मिसरीच्या तशाच दुसऱ्या दोन डब्या आणून ठेवल्या आहेत. (मिसरी चांगली नाही हे मलाही ठाऊक आहे. या वयात तेवढ्यावरून मी भांडण काढणार नाही.)

बोलण्याची आणखी काही रीत हळूहळू अंगवळणी पडली. मागून हाक मारायची नाही. समोर जाऊन, त्या बसल्या असतील तर आपणही खाली बसून, डोळ्यांना डोळा लागल्यावर बोलायचे. टीव्ही आधी बंद. एका वेळी एकच गोष्ट. “उठा, तोंड धुवा, चहा घ्या आणि दवाखान्यात जायचंय” या वाक्यात चार कामे आहेत. आत्यांपर्यंत त्यातले एकही पोचत नाही. “चला, तोंड धुऊ,” आणि हातात तांब्या. मग थांबायचे. हे थांबणे सर्वांत अवघड. त्यांना शब्द पोचायला आणि उत्तर सापडायला वेळ लागतो, आणि आपण तोवर तेच वाक्य तीनदा, दर वेळी जास्त मोठ्याने म्हणून मोकळे होतो. मी मनात दहा आकडे मोजते. “काय जेवणार?” असे विचारत नाही, पोळी आणि भात दोन्ही समोर धरते, त्या बोट दाखवतात.

आणि कृपा करून पाहुण्यांनी परीक्षा घेऊ नये. येणारा प्रत्येक जण दारातूनच विचारतो, “ओळखलं का मला? सांगा बघू मी कोण?” म्हातारीचा चेहरा कसनुसा होतो. समोरच्याचे नाव आठवत नाही याची लाज तिला वाटते. त्यापेक्षा आत येता येताच सांगा, “जयभीम आत्या, मी तुमच्या भावाचा मुलगा, तुम्हाला भेटायला आलो.” आणि तिच्यादेखत “आता काही कळत नाही हो हिला” असे तर कधीच म्हणू नका.

अंघोळीचे भांडण जवळजवळ प्रत्येक घरात आहे. आयुष्यभर अंग झाकून राहिलेल्या बाईचे लुगडे कोणीतरी अनोळखी बाई ओढते आहे, असे तिला वाटते. मग ती ओरबाडणारच. आमच्याकडे अंगावर टॉवेल राहू देऊन, पाणी आधी पायावर, आणि तांब्या त्यांच्याच हातात, असे केल्यावर निम्मे भांडण मिटले. एखाद्या दिवशी नाहीच म्हणाल्या तर ओल्या फडक्याने पुसून घेते. एक दिवस अंघोळ चुकल्याने कुणाचे काही बिघडत नाही.

“मला घरी जायचंय,” हे दुसरे रोजचे वाक्य. आम्ही बैठ्या चाळीतून सातव्या मजल्यावर आलो तेव्हापासून ते फार वाढले. पुनर्विकासाच्या इमारतीत सगळे मजले सारखे, सगळी दारे सारखी. धडधाकट माणूस चुकतो, तिथे त्या काय करणार? “हेच घर आहे” असे सांगून काही होत नाही. मी त्यांना चाळीतल्या घराबद्दल विचारते, चपला घालते, खाली कट्ट्यापर्यंत एक फेरी मारून आणते. परत येताना आमच्या दारावर लावलेला निळा झेंडा आणि बाबासाहेबांचा फोटो दिसला की त्या स्वतःच म्हणतात, “हां, आलं घर.” ही युक्ती माझ्या मुलाची. त्यांच्या परकराच्या नाडीजवळ कापडाची पट्टी शिवून तिच्यावर फोन नंबर लिहिला आहे. नाक्यावरचा रिक्षास्टँड, वडापाववाला, इमारतीचा वॉचमन यांना सांगून ठेवले आहे. लपवण्यात काय अर्थ? आणि तरीही कुणी हरवलेच, तर पोलीस ठाण्यात लगेच जावे. चोवीस तास थांबावे लागते असा काही कायदा नाही.

जुन्या आठवणी मात्र खोल असतात. आज सकाळी काय खाल्ले ते आत्यांना सांगता येत नाही, पण ७ डिसेंबर १९५६ सांगता येतो. तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. गोदीत काम करणाऱ्या वडिलांचे बोट धरून त्या बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेला गेल्या होत्या. दादरच्या चौपाटीवरची ती माणसे, वडिलांना रडताना पहिल्यांदा पाहिले ते, आणि तिथेच भदन्त आनंद कौसल्यायन यांनी लाखावर लोकांना दिलेली दीक्षा. हे सांगताना त्यांचा आवाजसुद्धा बदलतो. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांची गाणी लावली की ज्या बाईला धड वाक्य जुळवता येत नाही ती कडवेच्या कडवे म्हणते. गाण्याची आठवण बोलण्याच्या आठवणीपेक्षा जास्त काळ टिकते, असे डॉक्टरही सांगतात. सकाळी वंदनेला बसले की त्रिसरण-पंचशील त्या एकही शब्द न अडखळता म्हणतात. अंघोळीआधी एक भीमगीत लावणे हे आमच्या घरातले सर्वांत गुणकारी औषध आहे. फुकटचेही आहे.

आता करणाऱ्या माणसाविषयी. बहुतेक घरांत ही सून असते, नाहीतर बिनलग्नाची मुलगी. मी दोन घरची कामे सोडली. पहिल्या वर्षी एकदा मी आत्यांवर हात उगारला होता. मारले नाही, पण उगारला. ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते, कारण अशा घरातल्या बाईला वाटते की जगात आपण एकटीच अशी दुष्ट. रात्र-रात्र झोप नसलेले माणूस त्या टोकाला जाते. तेव्हा दुसऱ्या खोलीत, जिन्यात, कुठेही जाऊन पाच मिनिटे बसावे. म्हातारे माणूस सुरक्षित बसले असेल तर त्या पाच मिनिटांत काही होत नाही.

तथागतांची एक गोष्ट आपण विहारात नेहमी ऐकतो. एक भिक्खू हगवणीने आजारी होऊन आपल्याच घाणीत पडला होता आणि कोणी जवळ जात नव्हते, कारण तो कुणाच्या उपयोगी पडत नसे. तथागतांनी आणि आनंदाने त्याला स्वतः धुतले, उचलून खाटेवर ठेवले. मग संघाला बोलावून विचारले. इथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर कोण करणार, असा त्यांच्या सांगण्याचा अर्थ होता. लक्षात घ्या, त्यांनी कुणा बाईला बोलावून हे काम सांगितले नाही. दोघांनी मिळून केले, आणि मग ते सर्व संघाचे काम ठरवले. आमच्या घरी ही गोष्ट मी यजमानांना दोनदा ऐकवली. आता रात्रीचे उठणे त्यांच्याकडे आहे, रविवार दिराकडे. नणंद महिन्यातून चार दिवस येते. विहारातल्या महिला मंडळाच्या दोघीजणी बुधवारी दुपारी येऊन आत्यांबरोबर गाणी म्हणत बसतात. तेवढ्यात मी बाजार करते किंवा नुसती झोपते. एका वस्तीत अशी तीन-चार घरे निघाली तर विहाराच्या हॉलमध्ये आठवड्यातून एक दुपार सगळ्या म्हाताऱ्यांना बसवता येईल. सतरंजी आणि चहा, याला काही निधी लागत नाही.

ज्यांना कुणाशी बोलायचे आहे त्यांच्यासाठी दोन सरकारी नंबर: ज्येष्ठांसाठी १४५६७, आणि मनाच्या तक्रारींसाठी टेलिमानस १४४१६. दुसरा नंबर म्हाताऱ्यांसाठीच आहे असे नाही. सांभाळणाऱ्यांनीही लावावा, मी लावला आहे. १९९२ साली केरळात सुरू झालेली अल्झायमर अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था मुंबईतही काम करते. सरकारी आणि पालिकेच्या मोठ्या इस्पितळांत मेंदूविकार आणि मानसोपचार विभाग आहेत. मानसोपचाराच्या पाटीला बिचकू नका. बँकेचे खाते, वारसाची नोंद, सह्या-अंगठे ही कामे माणसाला समजते आहे तोवरच, त्यालाच विचारून उरकून घ्या. आम्ही उशीर केला.

काल संध्याकाळी आत्या नेहमीप्रमाणे दाराशी बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसले. डब्याचे बोलणे झाले, जास्तीच्या भाकरीचे झाले. मग त्या बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, “तू कोणाची गं?”

वीस वर्षे त्यांच्या हाताखाली मी या घरात वावरले आहे. क्षणभर गळा दाटला.

“तुमच्याच घरची, आत्या.”

“असं होय?” त्या म्हणाल्या. “मग जेवल्याशिवाय जाऊ नको. हे आले की सगळी बसू.”